नवे न्हाणीघर : आधी काय, नंतर काय?

घर बांधून वीस-पंचवीस वर्षे उलटली की त्यात राहणाऱ्या माणसांच्या गरजा बदलतात. मुले मोठी होतात, घरात सून येते, आईवडिलांना जिना चढणे अवघड होऊ लागते. खोल्या पुरेशा असल्या तरी सकाळी सातच्या सुमारास एकाच न्हाणीघराच्या दारापाशी सारे घर खोळंबते. वृद्धांच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. रात्री झोपेतून उठून परसापर्यंत किंवा जिन्यावरून जाताना पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. अशा वेळी तळमजल्यावर, झोपण्याच्या खोलीला लागूनच एक छोटे न्हाणीघर काढावे, असा विचार घरात सुरू होतो.

विचार पक्का झाला की बहुतेक कुटुंबे प्रथम टाइल्सच्या दुकानात जातात. रंग ठरतो, नक्षी ठरते, नळांची चकाकी डोळ्यांत भरते. पाया बाजूला राहून कळसाचीच चर्चा रंगते. वास्तविक न्हाणीघर हा घराचा सर्वांत लहान, तरीही सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय. जेमतेम तीस चौरस फुटांत गवंडी, प्लंबर, वीजतंत्री, जलरोधक लेप देणारा, फरशी बसवणारा आणि सुतार अशा सहा कारागिरांना आळीपाळीने काम करावे लागते आणि प्रत्येकाचे काम पुढच्याच्या कामाखाली गाडले जाते. क्रम चुकला तर पन्नास रुपयांचा जोड बदलण्यासाठी हजारो रुपयांची फरशी फोडावी लागते. म्हणून या कामाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : जे झाकले जाणार आहे, ते झाकण्यापूर्वी तपासावे आणि तपासणी उतरल्यावरच पुढचे पैसे द्यावेत. बंगळुरूमधील घरांच्या संदर्भात हे सूत्र कसे अमलात आणावे, ते येथे पाहू.

पहिला प्रश्न : सांडपाणी जाणार कुठे?

नळाचे पाणी दाबाने येते. त्याची वाहिनी वर-खाली, आडवी-उभी कशीही नेता येते. सांडपाणी मात्र केवळ उताराने जाते. म्हणून न्हाणीघराची जागा ठरवताना पहिला मान सांडपाण्याच्या वाहिनीला द्यावा लागतो.

बंगळुरूमध्ये या वाहिनीची जागा घराच्या वयावर अवलंबून असते. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती १८९०च्या दशकात आकाराला आल्या आणि १८९८च्या प्लेगनंतर तेथे वस्ती वाढली. त्या काळच्या आखणीत घरांच्या मागून अरुंद सफाई गल्ल्या ठेवलेल्या होत्या. शौचकूप परसात, या गल्लीला लागून असे. पुढे भुयारी गटारे आली, गल्ल्यांचे मूळ प्रयोजन संपले. परंतु कित्येक जुन्या घरांत संडास मागेच राहिला. त्यानंतरच्या वसाहतींत, विशेषतः ३० फूट बाय ४० फुटांच्या भूखंडांवर, मुख्य वाहिनी बहुधा समोरच्या रस्त्याखाली असते. तेव्हा आपल्या घराचे मैलापाणी पुढे जाते की मागे, हे चेंबरचे झाकण उघडून प्रत्यक्ष पाहावे आणि त्याच वेळी चेंबरच्या तळाची खोली मोजून ठेवावी.

आता हिशेब सोपा आहे. कमोडपासून निघणाऱ्या चार इंची वाहिनीला सुमारे ४० फुटांस एक फूट, म्हणजे १:४० ढाळ द्यावा. नवे न्हाणीघर चेंबरपासून २ मीटरवर असेल, तर वाहिनी ५ सेंटिमीटर खाली उतरेल. तेच भूखंडाच्या दुसऱ्या टोकाला, १२ मीटरवर असेल, तर ३० सेंटिमीटर उतार लागेल. चेंबरचा तळ तेवढा खोल नसेल, तर न्हाणीघराची जमीन उचलावी लागते आणि ज्या वृद्धांसाठी हा खटाटोप चालला आहे, त्यांच्याच वाटेत एक पायरी उभी राहते. जागा निवडताना हा एक आकडा हाताशी असला, तर पुढचे अनेक वाद टळतात.

वरच्या मजल्यावर प्रश्न आणखी बिकट होतो. न्हाणीघरासाठी स्लॅब मुळातच खाली घेतलेला नसेल, तर मैलापाण्याची वाहिनी जमिनीखालून नेण्यास जागाच उरत नाही. अशा वेळी मागील बाजूस, भिंतीतून बाहेर निघणारा कमोड निवडून वाहिनी थेट बाहेरच्या उभ्या नळीला जोडणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. सदनिकेत तर आपली जमीन हे खालच्या कुटुंबाचे छत असते. कोणाच्या शयनगृहावर वा स्वयंपाकघरावर नवी ओली जागा काढणे म्हणजे कायमच्या भांडणाला आमंत्रण. सोसायटीची लेखी संमती मिळाल्याशिवाय तेथे छिन्नीदेखील लावू नये.

माप, हवा आणि परवानगी

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडास व न्हाणीघर एकत्र असेल, तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट जागा आणि किमान १.२ मीटर रुंदी हवी. पाच फूट बाय सहा फुटांची खोली या मापात बसते. एक भिंत बाहेरच्या हवेला लागून असावी व तीत खिडकी वा झरोका असावा. बंद बोळात काढलेल्या न्हाणीघराला पंखा लावूनही ओल आणि कुबट वास सहसा सोडत नाही.

वृद्धांसाठी काम असेल, तर काही गोष्टी कागदावरच ठरवाव्यात. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते असावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार माणसाच्या अंगानेच अडते. उंबरठा नसावा किंवा अगदी बेताचा असावा. कमोडशेजारी व शॉवरजवळ आधाराचे दांडे लावायचे असतील, तर ती भिंत भरीव हवी. चार इंची पातळ भिंतीत दांडा कोठे येणार, हे आधी माहीत असेल तर तेथे भक्कम आधार ठेवता येतो. टाइल्स लागल्यावर ही आठवण झाली, तर दांडा लागतो. पण ज्या दिवशी त्यावर खरोखर भार पडतो, त्या दिवशी तो निसटण्याची भीती राहते.

घराच्या मोकळ्या बाजूस, कुंपणाच्या भिंतीला टेकवून न्हाणीघर काढण्याचा मोह अनेकांना होतो. ती जागा नियमानुसार मोकळी सोडायची असते. तेथील बांधकाम अनधिकृत ठरते आणि पुढे घर विकताना किंवा तारण ठेवताना अडचण निर्माण करते. सप्टेंबर २०२५मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका आल्या. त्यामुळे आपला प्रभाग कोणत्या महानगरपालिकेकडे गेला आहे, याची खातरजमा करूनच चौकशी करावी. मलवाहिनीच्या जोडणीत बदल करायचा असेल, तर १९६४ साली स्थापन झालेल्या बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाकडे विचारणा करणे इष्ट.

दुकानात आधी काय घ्यावे?

टाइल्सचा रंग शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवता येतो. कमोडचा नमुना मात्र पहिल्याच दिवशी ठरवावा लागतो. प्रत्येक नमुन्याचे निर्गमन भिंतीपासून वेगळ्या अंतरावर असते. वाहिनी आधी पुरली आणि कमोड नंतर आणला, तर दोघांची तोंडे जुळत नाहीत. भिंतीत बसणाऱ्या मिक्सरचेही तसेच आहे. त्याचा गाभा गिलाव्याआधी भिंतीत जातो आणि त्याची खोली टाइल्सच्या अंतिम पृष्ठभागापासून मोजायची असते. विटेवर गिलावा आणि टाइल मिळून एक इंच वा अधिक जाडी चढते. हा इंच विसरला, तर नळाची मूठ भिंतीतच रुतून बसते.

म्हणून कमोड, मिक्सर, बेसिन, नहाणी ट्रॅप आणि गीझर या पाच वस्तू, निदान त्यांची मापे, काम सुरू होण्यापूर्वी घरात असावीत. ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द बंगळुरूच्या दुकानांतही याच नावाने चालतो. मराठी ग्राहकाला तो निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र त्यात पाण्याचा अडसर पुरेसा, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर, राहतो ना, हे पाहून घ्यावे. तो अडसरच गटाराचा वास व झुरळे घरात येऊ देत नाही.

गरम पाण्याचा निर्णयही याच टप्प्यावर घ्यावा. बंगळुरूमध्ये गच्चीवरचा सौर बंब ठिकठिकाणी दिसतो. तो असेल तर गरम पाण्याची वाहिनी गच्चीवरून खाली येणार. गीझर असेल तर ती खोलीतच सुरू होणार. दोन्ही हवे असतील, तर जोडणी कोठे होणार हे कागदावर काढून ठेवावे. शॉवरच्या दाबाचाही विचार करावा. टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर पाण्याला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. तेवढ्यावर साधा शॉवर चालतो. दुकानात पाहिलेली भारी यंत्रणा मात्र निराशा करते.

ऋतू आणि पाणी

बंगळुरूमध्ये सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने; एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या सरी येतात. जानेवारी आणि फेब्रुवारी सर्वांत कोरडे. दुसऱ्या बाजूला मार्चपासून पाण्याची टंचाई जाणवू लागते. शहराचे बरेचसे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, कावेरीतून, जवळपास ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला; परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई अनुभवली होती. त्या मार्चमध्ये पिण्याचे पाणी बांधकामासाठी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद करण्यात आली. तेव्हा भिंती व कोबा भिजवण्यासाठी लागणाऱ्या पाण्याची सोय आधी पाहावी. दिवाळी व तुळशीचे लग्न आटोपले की माणसे आणि साहित्य ठरवावे, जानेवारीत काम सुरू करावे व फेब्रुवारीअखेर संपवावे, हा क्रम येथील हवेला मानवतो.

प्रत्यक्ष काम : झाकण्यापूर्वी तपासणी

तोडफोड सुरू होण्यापूर्वी घराची घडण ओळखावी. जुन्या घरांत छताचा भार खांबांऐवजी भिंतींवर असतो. अशा भिंतीत खाचा पाडण्यालाही मर्यादा आहे. भारतीय मानकानुसार उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक-षष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंची भिंतीत उभी खाच तीन इंच चालते, आडवी केवळ दीड इंच. म्हणून वाहिन्या शक्यतो उभ्या न्याव्यात. नवे दार पाडायचे असेल, तर वर तुळई बसवल्याशिवाय खालच्या विटा काढू नयेत. यासाठी स्थापत्य अभियंत्याला एकदा घर दाखवण्याचा खर्च अनाठायी नव्हे.

तळमजल्यावर पहिले खरे काम जमिनीखाली होते. चर खणून मैलापाण्याची व सांडपाण्याची वाहिनी ढाळात टाकली जाते आणि चेंबरला जोडली जाते. मेस्त्रीला पाणसळ लावून ढाळ दाखवण्यास सांगावे. माती लोटण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून वाहिनी पाण्याने भरावी आणि पातळी उतरते का, ते पाहावे. ही पहिली परीक्षा. वास व हवेचा दाब निघून जाण्यासाठी छतावर जाणारी वायुनळीही याच वेळी जोडून घ्यावी.

त्यानंतर भिंती उभ्या राहतात. त्या सात ते दहा दिवस भिजवाव्यात. मिश्र सिमेंट वापरले असेल, तर दहा दिवसांचा अवधी पाळावा. हे दिवस वाया जात नाहीत. बाहेरच्या चेंबरचे काम, खिडकीची चौकट आणि दाराचे माप याच काळात उरकता येते.

भिंती सुकल्या की खाचा पाडून थंड व गरम पाण्याच्या वाहिन्या आणि विजेच्या नळ्या बसवल्या जातात. गीझरसाठी स्वतंत्र सर्किट असावे, त्यावर ३० मिलिॲंपिअरवर तुटणारे गळतीरोधक उपकरण असावे आणि बटण ओल्या जागेपासून दूर, शक्यतो दाराबाहेर असावे. ओल्या अंगाला विजेचा स्पर्श झाल्यास हेच उपकरण प्राण वाचवते. त्यात काटकसर करू नये.

आता दुसरी परीक्षा. सर्व नळांची तोंडे बंद करून हातपंपाने वाहिनीत नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरावा आणि काटा उतरतो का, ते पाहावे. शक्य असल्यास दाब रात्रभर ठेवावा. जोड गळत असेल, तर तो आज उघडा आहे. उद्या गिलाव्याआड जाईल. ही परीक्षा उतरल्यावरच खाचा बुजवाव्यात आणि गिलावा करावा.

गिलावा पुरेसा वाळल्यावर जलरोधक लेपाची पाळी येते. पृष्ठभाग स्वच्छ करून, जमीन व भिंतीचा कोपरा मसाल्याने गोलसर करून घ्यावा. कारण गळती बहुधा कोपऱ्यातून आणि नळीच्या कडेने सुरू होते. लेपाचे दोन थर परस्परांना छेद देणाऱ्या दिशांनी द्यावेत. भिंतीवर सर्वत्र एक फूट आणि शॉवरच्या बाजूस सहा फूट उंचीपर्यंत लेप चढवावा. लेप पक्का झाला की नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून, दाराशी विटांचा बांध घालून जमिनीवर दोन इंच पाणी भरावे व अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवावे. पातळीवर खूण करून ठेवावी. ही तिसरी व सर्वांत महत्त्वाची परीक्षा. कारागिराला पुढच्या घरी जाण्याची घाई असते, घरच्यांना काम संपण्याची घाई असते. या दोन घाईंमध्ये हे अठ्ठेचाळीस तास बहुतेक वेळा बळी पडतात.

परीक्षा उतरल्यावर कोबा आणि मग टाइल्स. भिंतीच्या टाइल्स दुसऱ्या ओळीपासून लावून, त्यानंतर जमिनीच्या टाइल्स आणि शेवटी भिंतीची सर्वांत खालची ओळ, असा क्रम चांगले फरशी कारागीर पाळतात. त्यामुळे खालची ओळ जमिनीच्या ढाळाला बरोबर बसते आणि वरून ओघळणारे पाणी सांध्यात शिरत नाही. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे शंभरास एक ढाळ असावा. कारागीर जागेवर असतानाच तांब्याभर पाणी चारही कोपऱ्यांत ओतून पाहावे. जमिनीच्या टाइल्स खरखरीत असाव्यात. गुळगुळीत टाइल दुकानात शोभते, ओल्या पायाखाली घात करते. सर्वांत शेवटी छताचा रंग, दार, कमोड, बेसिन, नळ, दिवा व आरसा.

जुने न्हाणीघर केव्हा बंद करावे?

नव्याबरोबर जुन्याचीही दुरुस्ती काढण्याचा बेत अनेक घरांत होतो. मजूर आलेच आहेत, तर दोन्ही उरकू, असा त्यामागे विचार असतो. परंतु दोन्ही एकाच वेळी फोडली, तर घर महिनाभर शेजाऱ्यांच्या दारावर अवलंबून राहते. नवे पूर्ण व्हावे, आठ-पंधरा दिवस वापरात यावे आणि नंतरच जुन्याला हात लावावा. नवी वाहिनी जुन्या चेंबरला जोडायची असेल, तर त्या दिवशी जुना संडासही काही तास बंद राहील. तो दिवस आधी ठरवून घरात सांगावा आणि प्लंबरने सकाळी सुरू केलेली जोडणी त्याच दिवशी पूर्ण करावी.

पैशांचा क्रम

घरदुरुस्तीचे कर्ज देताना बँक कामाच्या प्रगतीनुसार रक्कम देते. ग्राहकानेही ठेकेदाराशी हेच धोरण ठेवावे. फरक एवढाच की, प्रगती दिसण्यावरून न मोजता परीक्षांवरून मोजावी. उदाहरणादाखल मजुरीची विभागणी अशी करता येईल :

- काम सुरू होताना : १० टक्के
- सांडपाण्याच्या व नळाच्या वाहिन्यांची परीक्षा उतरल्यावर : २५ टक्के
- जमिनीवर पाणी भरून अठ्ठेचाळीस तास काढल्यावर : २५ टक्के
- टाइल्स व जोडकाम पूर्ण झाल्यावर : २५ टक्के
- पंधरा दिवस वापर झाल्यावर : १५ टक्के

हे टप्पे कामाआधी लेखी ठरलेले असले, तर नंतर कटुता येत नाही. अडून बसल्यासारखेही वाटत नाही. कारण प्रत्येक हप्ता केव्हा मिळणार, हे ठेकेदारालाही ठाऊक असते. अंदाजपत्रकात दहा ते पंधरा टक्के रक्कम अकल्पित खर्चासाठी बाजूला ठेवावी. जुन्या घरात जमीन खणल्यावर काय निघेल, हे कोणी सांगू शकत नाही. कर्ज घेतले असल्यास जुन्या करपद्धतीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती व नूतनीकरणासाठीच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. आपल्याला कोणती पद्धत लागू आहे, हे करसल्लागाराला विचारून घ्यावे आणि सर्व पावत्या जपून ठेवाव्यात.

पावत्यांबरोबर आणखी एक गोष्ट जपावी. खाचा बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी धरून काढावे व त्यावर तारीख लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावे. दहा वर्षांनी आरसा टांगण्यासाठी खिळा ठोकायचा असो, वा आईसाठी आणखी एक आधाराचा दांडा बसवायचा असो, भिंतीत नळी कोठून जाते हे त्या कागदावरून चटकन कळेल.